मापाची वही

चोपड्यात, यावल रस्त्याला, टायरवाल्याच्या शेजारी
माझं दुकान. आत एक वही आहे लाल पुठ्ठ्याची.
तिच्यात गेटांची मापं, बैलगाडीच्या धावांची,
केळीच्या ट्रकांच्या फाळक्यांची,
आणि मधेमधे
काही घोट्यांची.

गुलसिंग पावरा डोंगरातून उतरून आला तेव्हा
त्याच्या मुठीत सुतळीचा तुकडा होता, गाठ मारलेला.
पोराचा पाय झोपेत मोजलेला.
"जागा असता तर विचारलं असतं त्याने, कशाला."
मी सुतळी पट्टीवर ताणली. नऊ इंच.
दोन सूत जास्त धरले. सूज येते.
हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दर्ग्याच्या आवारात निंबाला कडी ठोकून दिली.
साबेराबीचा मुलगा म्हणाला, चाळीस दिवस फक्त.
निंब आता कडीवर चढला आहे,
साल लोखंडावर ओठासारखी मिटली आहे.

दोन मजली घराने साखळी मागितली नाही.
त्यांना माडीवरच्या खोलीला जाळी हवी होती,
कडी बाहेरून,
रंग भिंतीला मिळताजुळता, पाहुण्यांना दिसू नये असा.
"नाव लिहू नका," म्हणाले. भावही केला नाही.
माप घेताना आतून कोणीतरी विचारलं,
माझा बीएस्सीचा निकाल लागला का?
मी म्हणालो, लागेल.
धाकटीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं.

बोली वेगळ्या, देव वेगळे, पंगती तर वेगळ्याच.
सळई तीच. तीन सुती.

मे महिन्यात सिस्टर आली, हलिमा तडवी,
स्कूटीवर, डोक्याला ओला रुमाल, हातात कायद्याचा कागद.
म्हणाली, माणसाला साखळी घालायची नाही, इथं लिहिलंय.
मला वाटलं, मलाच धरायला आली. भाता बंद केला.
ती म्हणाली, दादा, ही माणसं मतदार यादीत नाहीत,
काहींची नावं रेशन कार्डातून कमी केली,
एकाला कागदावर मयत दाखवलंय, रोज दोन भाकरी खातो.
त्यांची नोंद तालुक्यात एकाच ठिकाणी सापडेल.
आणि वहीकडे पाहिलं.

शेवटून तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.
घोटा साडेनऊ इंच. लांबी सात फूट. मजुरी कोरी.
इथं पैसे नाही लिहिले?

घरचं काम, मी म्हणालो.

आईची दोन मुलं गेली
म्हणून तिसऱ्याला उकिरड्यावर ठेवून उचललं,
मरणाला नकोसा वाटावा असं नाव दिलं. उखर्डू.
मरणाने सोडलं त्याला.
बाकी सगळ्यांनी ते नाव मनावर घेतलं.
अकरा वर्षं परसात. रात्री हाक मारायचा,
"माले घर जानं शे."
घरातच होता.

ग्राइंडर मीच चालवला.
ठिणगी उडू नये म्हणून पायावर ओलं गोणपाट.
कडी तुटली. तो उठला, सात फूट चालला,
वळला. परत सात फूट.
पायाला वही पाठ होती.

सिस्टरने मला काही विचारलं नाही. त्याला विचारलं,
उखर्डूभाऊ, तुम्हाला काय हवं?
मी बोलायला तोंड उघडलं. तिने हात केला, थांबा.
रस्त्याने केळीचा एक ट्रक गेला. दुसरा गेला.
"माले चप्पल जोयजे."

दोन मजली घराचं दार उघडलेलं नाही.
दोनदा जाऊन आलो, कुत्रं सोडतात.
माडीच्या जाळीचा रंग उडालाय, खालून दिसतं.
सोमवारी पुन्हा जाऊ, सिस्टर म्हणते, पोलीस घेऊन.

आज वहीचं एक कोरं पान फाडून फरशीवर ठेवलं,
त्यावर त्याचा पाय,
आणि सुताराची पेन्सिल कडेकडेने फिरवत गेलो
टाचेपासून.
घोट्याकडे पाहिलं नाही.

"हळू," तो म्हणाला, "गुदगुल्या व्हतस."